डावी बाही आधी

१

ऑर्व्हिल क्रम न्हाणीघराच्या फरशीवर मेलेला सापडला, तेव्हा त्याच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. केस ओले, सदरा कोरडा. टबाच्या काठावर डोकं आपटलेलं. मंगळवार, दुपारी बारा. पुतणी ग्लेनानं फोन केला. काउंटीच्या डॉक्टरनं ‘पडून मृत्यू, साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान’ असं लिहिलं आणि हात झटकले.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. सारा जन्म ओहायो नदीवर मालवाहू बोटींवर गेलेला, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन डावा हात लुळा पडलेला. असा माणूस न्हाणीत पडून गेला तर चार लोक हळहळतात, चौकशी कोणी करत नाही. इथे चौकशी लागली ती एका कागदामुळे. त्याला घरी येऊन शिकवणाऱ्या थेरपी कंपनीच्या नोंदीत त्या दिवशीची भेट होती: ‘नऊ ते नऊ पन्नास. टबात बसण्या-उठण्याचा सराव. सदरा घालण्याचा सराव. रुग्ण उत्साही.’ खाली सही, डार्ला स्कॅग्ज, थेरपी असिस्टंट.

म्हणजे तो पडला तेव्हा ती तिथं होती, नाहीतर ओल्या फरशीवर त्याला एकटा सोडून निघून गेली होती.

मी व्हर्ना स्टॅम्बॉ, ओहायोच्या परवाना मंडळाची तपासनीस. त्याआधी बावीस वर्षं मी डार्लाचंच काम केलं. झटक्यातून उठलेल्यांना चमचा धरायला, बटण लावायला, संडासला बसायला शिकवायचं. मनगटं गेली म्हणून खुर्चीवर आले. आता मी दिसले की जुन्या मैत्रिणीसुद्धा पर्स जवळ ओढून घेतात.

डार्लाचा परवाना ओहायोचा, म्हणजे तिच्या घरच्या राज्याचा. राज्याराज्यांत करार झाल्यापासून त्या एका परवान्यावर पुलापलीकडच्या केंटकीत आणि शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात काम करायची तिला मुभा मिळाली होती. तिन्ही राज्यांतल्या दूरदूरच्या खोऱ्यांत घरोघर जाणारी आमच्या भागात ती एकटीच उरली होती; बाकीच्या जवळपासची घरं करायच्या. अठ्ठावीस रुग्ण तिच्या गाडीची वाट बघत बसायचे. पण कराराचा एक फास होता. घरच्या राज्यानं परवाना काढला की बाकीच्या राज्यांतली मुभा त्याच क्षणी संपते. शुक्रवारी सुनावणी होती, आणि ती तिच्या विरुद्ध गेली असती तर या नदीकाठी तिला कुठेच काम करता आलं नसतं.

मी तिला बुधवारी मंडळाच्या कचेरीत बोलावलं. एक्केचाळीस वर्षांची, खांद्यानं पुरुषासारखी रुंद, आणि डोळ्यांखाली काळं.

“मंगळवारी नऊ वाजता कुठं होतीस?”

“ऑर्व्हिलकडे नव्हते, व्हर्नाबाई.”

“मग कुठं होतीस? कोणी पाहिलं असेल ना? एक नाव सांग, संध्याकाळपर्यंत तुला मोकळी करते.”

तिनं खुर्ची मागे सारली. मग म्हणाली, “परवाना घ्यायचा तर घ्या. मी कुठं होते ते सांगणार नाही.”

२

थेरपी कंपनीची कचेरी टायरच्या दुकानावर आहे. बोलताना मधेच खालून हवेचा पंप सुरू होतो आणि सगळ्यांना गप्प बसावं लागतं. कचेरी सांभाळते मॅक्सीन विटलो. साठीची, कानात मोठे डूल, आणि जिभेला हाड नाही.

“डार्लावर माझा जीव आहे हो,” ती म्हणाली, “पण कागद काय खोटं बोलतोय? सही तिची आहे.”

“सही संगणकातली आहे. तिचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला! त्यात काय मोठंसं? त्या खोऱ्यांत फोनला रेंज नाही. पोरी रस्त्याला लागल्या की मला फोन करून सांगतात, मी टाइप करते. सगळ्यांचे पासवर्ड माझ्या डायरीत आहेत. नाहीतर त्या बिचाऱ्यांनी दिवसभर हाडं मोडायची आणि घरी जाऊन पुन्हा कागद भरायचे होय?”

“मग मंगळवारी डार्लानं फोन करून सांगितलं?”

“सांगितलंच असणार. त्याशिवाय मी लिहीन का?”

‘असणार’ हा शब्द मला आवडला नाही. तिच्या परवानगीनं मी मागचे दोन मंगळवार उघडले. आधीच्या आठवड्याची नोंदही तीच होती. टब, सदरा, रुग्ण उत्साही. स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. नोंदीच्या तळाशी बारीक राखाडी अक्षरांत ती कधी जतन झाली त्याची वेळ असते. ती सहसा कोणी वाचत नाही. मी वाचली आणि पडदा मॅक्सीनकडे फिरवला.

“मॅक्सीन, नऊची भेट आठ वाजून पाच मिनिटांनीच कशी आटोपली?”

तिचे डूल हलायचे थांबले.

३

ती रडली, नाक शिंकरलं, मग उलट माझ्यावरच चिडली. दिवसभर फोनमधून डोकं वर काढता येत नाही, म्हणून रोजच्या नोंदी ती सकाळीच मागच्या आठवड्यावरून उतरवून ठेवायची. पोरींचा फोन आला की फरक असेल तेवढा बदलायचा. फोन आला नाही तर आहे तसंच राहायचं. आठ वर्षांत कोणाला कळलं नव्हतं, कारण आठ वर्षांत त्या वेळेला कोणी मेलं नव्हतं.

म्हणजे नोंद बाद. पण नोंद खोटी म्हणून डार्ला तिथं नव्हतीच, असंही होत नाही. मी घरी जाऊन प्रेताचे फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले आणि भिंगाखाली धरले.

सदऱ्याची डावी बाही काखेत उसवली होती. बोटभर.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. लुळा हात आधी बाहीत घालायचा, चांगला मागून. चांगला हात वळतो, दुमडतो, वाट काढतो. लुळा हात वळत नाही. चांगला हात आधी घातलात तर लुळ्यासाठी कापड उरत नाही, मग ओढाताण होते आणि शिवण काखेतच जाते. डार्लाचे हात झोपेतही ही चूक करणार नाहीत. ऑर्व्हिल स्वतःही करणार नाही, तिनं त्याला दोन वर्षं तेच शिकवलं होतं. तो सदरा चढवला तिसऱ्याच कोणीतरी. न शिकलेल्यानं.

दुसऱ्या दिवशी मी डार्लाच्या वरच्या थेरपिस्टला गाठलं. असिस्टंटला एकटीनं काम करता येत नाही, वर थेरपिस्टची देखरेख लागते. हा प्रेस्टन हेल. करार झाल्यापासून पाच राज्यांतल्या बावीस असिस्टंटवर तो घरात बसून पडद्यावरून देखरेख करायचा. पांढरेशुभ्र दात, कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट, खाली काय होतं देव जाणे. मलाही तो पडद्यावरच भेटला.

“डार्ला फार कष्टाळू,” तो म्हणाला. “पण चित्त थाऱ्यावर नसतं. तिचा दोष नाही म्हणा. आईसाठी ॲम्ब्युलन्स काय, धावपळ काय... बिचारी.”

“तुम्हाला मंगळवारी तिचा फोन आला होता?”

“छे. मी त्या दिवशी सकाळपासून टेनेसीच्या लोकांबरोबर होतो.” पाणी पिण्यासाठी त्यानं पेला उचलला. पेला रिकामा होता.

डार्लाला आई आहे हे मला माहीत होतं. ती पुलापलीकडे केंटकीतल्या खोऱ्यात राहते, हेही. पण ॲम्ब्युलन्स हा शब्द या प्रकरणात तोवर कोणाच्याच तोंडून आला नव्हता.

मी केंटकीतल्या त्या काउंटीच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांना फोन केला. पोरीनं वही चाळली. “मंगळवारी? हो, स्कॅग्ज. आठ बावन्नला बोलावणं. मुलगी बरोबर गाडीत बसली, एक वाजेपर्यंत इस्पितळात होती. कागद पाठवू का?”

“पाठव बाळा,” मी म्हणाले. “मंडळाच्या पत्त्यावर, शुक्रवारच्या आत.”

मी इतकी खूश झाले की डार्लानं हे का लपवलं, हा प्रश्नच मला पडला नाही. आज त्याची लाज वाटते.

४

मग तो सदरा घातला कोणी?

ग्लेना शाळेच्या जेवणघरात काम करते. पन्नाशीची, बारीक, हात कायम ओले. तिनं मला स्वयंपाकघरात बसवलं आणि न विचारता कॉफी दिली. कित्येक महिन्यांत मला कॉफी देणारी ती पहिलीच.

“काकांचे कपडे कोण धुवायचं?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मीच. सोमवारी संध्याकाळी टोपली भरून आणायची, मंगळवारी दुपारी इस्त्री करून परत. दोनच चांगले सदरे होते त्यांना. या सोमवारी दोन्ही आणले, बुधवारी त्यांच्या बोटीवरल्या मित्राचं दफन होतं म्हणून.”

“आणि मंगळवारी बारा वाजता टोपली कुठं होती?”

“गाडीत. दार उघडलं, ते दिसले, धावत फोनकडे गेले. टोपली उतरवायचं भान कोणाला होतं?”

मी फोटो तिच्यासमोर ठेवला. कोरा सदरा, बाहीवर इस्त्रीची रेघ.

“ग्लेना, मग हा सदरा टोपलीतून निघून त्यांच्या अंगावर कसा आला?”

तिनं नळ सोडला. हात धुतले. बंद केला, पुन्हा सोडला. मग पाठमोरीच बोलायला लागली.

“दहाला दहा कमी होते. मी कामावर जाता जाता डोकावले. ते टॉवेल गुंडाळून बसलेले. डार्ला आली नाही म्हणाले, अंघोळ राहिली म्हणाले, उद्या जिमीला पोचवायला मी असा घाणेरडा जाऊ का म्हणाले. फार हट्टी हो. मी म्हटलं, चला, मी घालते. ती त्यांना टबातून कसं उठवते ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी लुळ्या बाजूनं धरलं. हात सुळकन निसटला.”

“आणि सदरा?”

“ते उघडे होते, बाई. ॲम्ब्युलन्समधली पोरं गावातली आहेत, माझ्या शाळेत जेवून मोठी झालेली. त्यांनी काकांना तसं बघायचं? काकांनी आयुष्यात गळ्याचं बटण उघडं ठेवलं नव्हतं. गाडीतून सदरा आणला, पँट आणली. हात आत जाईचना.” तिनं नळ बंद केला. “मग दोन तास तिथंच बसले. थेरपीवाली येणार होती, एवढंच मी पोलिसांना म्हणाले. ते खोटं नव्हतं ना?”

मी तिला म्हणाले, शुक्रवारी येऊन एवढंच सांग. हा अपघात आहे.

“नाही,” ती म्हणाली. “मला तुरुंगात टाकतील. लिहून मागाल तर तुम्ही इथं आलाच नव्हता म्हणेन.”

बळजबरी करायचा अधिकार मला नाही. पण माझ्याकडे कागद येणार होता. मला वाटलं, तेवढा पुरेल.

५

शुक्रवारी दहाला सुनावणी सुरू झाली. मंडळाचा अधिकारी, डार्ला, मॅक्सीन, आणि प्रेस्टन, या वेळी सदेह. त्याची पँटही इस्त्रीची होती. ॲम्ब्युलन्सचा लिफाफा मला कचेरीच्या दारातच मिळाला.

डार्लानं तो पाहिला आणि ती अर्धवट उठली. “व्हर्नाबाई, तो कागद राहू द्या.”

“गप्प बस ग,” मी म्हणाले. “तुझ्याच भल्यासाठी आहे.”

मी नोंदीची वेळ मांडली. मॅक्सीननं मान खाली घालून कबूल केलं. मी उसवलेली बाही मांडली. अधिकाऱ्यानं स्वतःचं जाकीट काढून दोन्ही हातांनी करून पाहिलं आणि मान डोलावली. आता एकच विचारायचं राहिलं होतं, डार्ला होती कुठं. मी लिफाफा फोडला आणि मोठ्यानं वाचलं, “मंगळवार, आठ बावन्न. रुग्ण इमोजीन स्कॅग्ज, वय एकोणऐंशी. मुलगी गाडीत बरोबर.”

मी तेवढ्यावरच थांबले नाही. मला प्रेस्टनचे दात दिसत होते. “डार्लानं निघताना यांना फोन केला. ऑर्व्हिलकडे कोणाला तरी पाठवा म्हणाली. म्हणून तर यांना ॲम्ब्युलन्सची गोष्ट माहीत. यांनी कोणाला पाठवलं नाही, ग्लेनाला कळवलं नाही. तो म्हातारा टॉवेल गुंडाळून तासभर वाट बघत बसला.”

प्रेस्टन हसला. माझ्या हातातल्या कागदावर नजर टाकून वाईट हसला. “माझी चूक झाली, कबूल. पण बाई, अर्धाच कागद का वाचता? पुढची ओळ वाचा की.”

मी खाली पाहिलं. त्यानंच पुढे झुकून वाचली.

“मुलगी गेले दहा महिने याच पत्त्यावर राहते. दुसरं कोणी बघणारं नाही.”

मॅक्सीनलासुद्धा कळलं.

परवाना घरच्या राज्याचा. घर म्हणजे माणूस जिथं राहतो ते. डार्ला दहा महिने केंटकीत राहत होती आणि परवान्यावर ओहायोतल्या भावाचा पत्ता होता. राहतं राज्य बदललं की मंडळाला कळवावं लागतं, नाहीतर खालचा परवाना पोकळ होतो आणि त्यावर उभी असलेली सगळी मुभाही. दहा महिने, तीन राज्यं, अठ्ठावीस रुग्ण, प्रत्येक भेट विनापरवाना.

प्रेस्टनला ते माहीत होतं, आणि तिला त्याचं माहीत होतं. तू माझा फोन सांगू नकोस, मी तुझा पत्ता सांगत नाही. दोघांनी एकमेकांची मानगूट धरून तोंडं मिटली होती, आणि मी शहाणी मधे पडले.

“डॉक्टर म्हणाले होते आई महिन्याभराची,” डार्ला म्हणाली. ती अधिकाऱ्याशी नाही, माझ्याशी बोलत होती. “महिन्याभरासाठी कोण घर बदललं म्हणतं? मग दुसरा महिना आला. पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा अर्ज, तोवर काम बंद, आणि माझी माणसं नुसती पडून. दर महिन्याला वाटायचं, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात म्हणजे आई गेल्यावर. असं बोलणं पाप आहे, म्हणून मी तो फॉर्म उघडलाच नाही.”

तेवढ्यात दार उघडलं. ग्लेना उभी होती, चर्चला जायच्या कपड्यांत, धाप लागलेली.

“पुलावर दोनदा गाडी फिरवली,” ती म्हणाली. “पण आले. डार्ला तिथं नव्हती. मी होते. काय लिहून घ्यायचं ते घ्या.”

मी पाच मिनिटं दम धरला असता तर त्या कागदाची गरजच पडली नसती. लिफाफा बंदच राहिला असता. डार्ला संध्याकाळी पुलावरून घरी गेली असती, आणि पत्त्याचं कोणाला कळलं नसतं.

६

ग्लेनावर कोणी खटला भरला नाही. मॅक्सीनला पासवर्डची डायरी जाळायला सांगितली. प्रेस्टनला समज देणारं पत्र गेलं. तो अजून पाच राज्यांवर देखरेख करतो. आता चोवीस असिस्टंट आहेत त्याच्याकडे.

ऑर्व्हिलच्या मृत्यूत डार्ला निर्दोष असल्याचा अहवाल मीच लिहिला, आणि त्याच पाकिटात दुसराही, तिच्या पत्त्याचा. हा दुसरा लिहिताना मला तीन दिवस लागले. काही खाडाखोड करता येते का ते पाहिलं. नाही येत. कागद मंडळाच्या टेबलावर मोठ्यानं वाचला गेला होता, आणि अर्धा मी वाचला होता. सोमवारी संगणकावर तिचं नाव उघडलं. ओहायोच्या खान्यात ‘रद्द’ लिहिलं. बाकीच्या दोन खान्यांना मला हातही लावावा लागला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी पुलापलीकडे तिच्याकडे गेले. तिनं मला आत घेतलं, घेतलं नसतं तर बरं झालं असतं. आई आतल्या खोलीत कण्हत होती. टेबलावर राजम्याची आमटी आणि मक्याचा पाव होता. तिनं मलाही वाढलं.

“पुन्हा अर्ज करता येईल?” तिनं विचारलं.

“केंटकीत. पण आधी हे विनापरवान्याचं प्रकरण मिटायला हवं. दोन वर्षं. कदाचित तीन.”

“बरं.” तिनं पाव मोडला, खाल्ला नाही. “माझ्या माणसांकडे कोण जातं आता?”

“जाहिरात दिली आहे कंपनीनं.”

“कोणी आलं?”

“नाही.”

तिनं हातातला पाव ताटात ठेवला. मग म्हणाली, “वरच्या खोऱ्यात टॅकेटबाई आहेत. उजवा हात गेलाय, संधिवातानं आखडलेल्या डाव्यानं चमचा धरायला नुकत्या लागल्या होत्या. तीन घास जातात, चौथा सांडतो. व्हर्नाबाई, मी नुसती शेजारीण म्हणून गेले तर चालेल? पैसे नको, नोंद नको. फक्त जाऊन बसेन.”

मी तपासनीस आहे. तरी ‘चालेल’ असं खोटं सांगायला हवं होतं. पण ती उद्याच गेली असती, आणि कोणीतरी फोन केला असता, आणि मग दोन-तीन वर्षांनंतरचा अर्जही गेला असता.

“भरवलंस तर शेजारीण,” मी म्हणाले. “धरायला शिकवलंस तर गुन्हा.”

“पण भरवत राहिलं की त्या धरायचं विसरतील. दोन महिन्यांत बोटं आखडतील, मग कोणी आलं तरी उपयोग नाही.”

“माहीत आहे मला.”

“म्हणजे त्या आता आपल्या हातानं कधीच जेवणार नाहीत.”

“नाही,” मी म्हणाले.

आतून आईनं हाक मारली. डार्ला उठून गेली. मी ताटातलं संपवलं, कारण तिनं वाढलं होतं, आणि माझ्या गाडीकडे चालत गेले.